पायांची लाज

कॅन्सर झाला तेव्हा मला लाज वाटली नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, खरंच वाटली नाही. केस गेले तर डोक्याला सुती रुमाल बांधून शाळेत गेले. चौथीतल्या पोरांनी तोंडाचा आ करून विचारलं, "बाई, तुमचे केस कुठी गेले?" मी म्हटलं, "औषधानं गेले. औषध संपलं की येतील. पाढे काढा." झालं, विषय संपला. घरी लोक भेटायला यायचे. कोणी संत्री आणायचं, कोणी माझा हात हातात घेऊन रडायचं, आणि मग मलाच उठून त्यांच्यासाठी चहा ठेवावा लागायचा. 'बाई लई हिंमतीच्या' असं समुद्रपुरात जो तो म्हणायचा. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला बरं वाटायचं.

लाज वाटायला लागली ती नंतर. केस परत आले, रिपोर्ट चांगले आले, 'बाई बऱ्या झाल्या' म्हणून लोकांचं येणं थांबलं, तेव्हा. आणि कशाची लाज, तर स्वतःच्या पायांची. आता पाय काय लाजायची वस्तू आहे? पण मी लाजले, आणि अजून लाजते.

सुरुवात औषध चालू असतानाच झाली होती. आधीची मोठी सलाईनं संपली आणि दर आठवड्याचं सलाईन सुरू झालं. त्यासाठी एसटीनं वर्ध्याला जायचं, अर्धा दिवस खुर्चीत बसून राहायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुलगी सोबत असायची. ती बँकेत नोकरीला आहे, तिथून रजा काढून यायची. काही आठवड्यांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसते म्हणून असेल. हलवले, झटकले, पण मुंग्या जाईनात. मग त्या तळव्याला आल्या, घोट्यापर्यंत चढल्या. कोणी जाड मोजे घालून दिलेत आणि ते काढताच येत नाहीत, असं वाटायचं. मग हाताच्या बोटांची टोकं गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, पण खडू धरलाय की नाही ते बघितल्याशिवाय कळेना.

आणि आग! तळव्यांना अशी आग व्हायची की थंड फरशीवर पाय ठेवून बसावं. अंगावरची चादर पायाला घासली तरी जीव कळवळायचा. माझ्या नवऱ्याला हे कोडंच सुटेना. हे शेतकरी माणूस, डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं मानणारे. "काऊन वो, आत्ता तर म्हणत होती पायाले काही समजत नाई, अन् आता म्हणते आग होते. एक काहीतरी सांग नं." मी खेकसले, "मलेच समजत नाई तर तुमाले काय सांगू!" खेकसणं मला चांगलं जमतं. शाळेत माझा आवाज दोन वर्ग ओलांडून जातो आणि घरी तर एकच भिंत आहे.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची पोरगी, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. तिनं सांगितलं की हे औषध गाठीच्या पेशींना मारतं, पण जाता जाता नसांनाही इजा करतं. नसेच्या आत म्हणे बारीक बारीक वाटा असतात, त्या वाटांनी नसेचं खाणंपिणं पार टोकापर्यंत पोचतं. औषधानं त्या वाटाच आखडून जातात. अंगातली सगळ्यात लांब नस कंबरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाते, म्हणून आधी पाय, मग हात.

त्या दिवशी हेही सोबत आले होते, मागे उभे होते. एकदम म्हणाले, "म्हणजे ठिबकसारखं झालं नं मॅडम. नळी चोंदली का शेवटच्या झाडाले पाणीच नाई."

"तेच काका, अगदी तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे असे खूश झाले, जसं काही त्यांचाच शोध.

"मग दुखतं कशाला?" मी विचारलं. "झाड वाळलं तर बोंबलत नाही."

"नस मेलेली नाही, जखमी आहे. जखमी नस खोटे निरोप पाठवते. काही नसताना आग लागली म्हणून सांगते, आणि खरंच काही लागलं तर गप्प बसते."

वर्गात अशी पोरं असतात. काही झालं नसताना 'बाई, यानं मारलं' म्हणून भोकाड पसरतात, आणि खरंच पडून गुडघा फुटला की घरी जाईपर्यंत कोणाला सांगत नाहीत. मला ते लगेच पटलं. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कोणाचं हे काही महिन्यांत उतरतं, कोणाचं थोडं राहूनच जातं, आधी सांगता येत नाही. फार वाढलं तर औषध कमी करता येतं, म्हणून दर वेळी खरं सांगत जा. आता खरं सांगायचं तर त्या आठवड्यात शेजारच्या खुर्चीतल्या बाईचं औषध कमी केलं होतं आणि ती 'आता मी मरणार' म्हणून ओक्साबोक्शी रडली होती. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी विचारलं की मी म्हणायची, "आहे थोडंसं." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, मी मास्तरणीचा चेहरा करून बसायची.

दुखण्यासाठी त्यांनी एक गोळी दिली. ती मूळची मनाच्या उदासीवरची, पण नसांची आगही तिनं थोडी कमी होते म्हणे. झाली ना पंचाईत! आमच्या गावच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली करून विचारलं, "बाई, हे डोक्याची गोळी हाये, कोणासाठी पायजे?" मी म्हटलं, "सासूसाठी." सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यांच्या तेराव्याला तो स्वतः जेवून गेला होता. तेव्हापासून गोळ्या हिंगणघाटहून आणते.

कॅन्सरमध्ये माणसाला मान असतो. ह्या बधिर पायांत काही मान नाही. मी खाली बघत, एकेक पाऊल टाकत चालायला लागले, कारण पाय जमिनीला टेकला की नाही ते डोळ्यांनीच कळायचं. तर लोक म्हणाले, बाई आता मान वर करून बोलत नाहीत, गर्व झाला. एसटीच्या पायरीवर पाय शोधत उभी राहिले की मागून कोणी तरी म्हणणार, "चढा नं बाई, का मुहूर्त पाह्यता?" एकदा आठवडी बाजारात भाजी घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेले, तर कांदेवाली बोट दाखवून हसत सुटली. माझ्या एका पायात चप्पलच नव्हती. कधी निसटली, कुठे निसटली, मला पत्ता नाही. परत सगळा बाजार उलटा चालत आले, एका पायात चप्पल आणि एक पाय धुळीत, आणि प्रत्येक दुकानापुढे वाकून बघायचं. ज्यांच्या पोरांना मी शिस्त शिकवली ते मायबाप दोन्ही बाजूला दुकानं मांडून बसलेले. वांग्यांच्या ढिगाजवळ सापडली एकदाची. घरी येऊन मी रडले. छातीतली गाठ कळली तेव्हा रडले नव्हते.

घरातही तेच. ब्लाउजचे हुक मला लागेनात. बोटात हुक आहे की हवा आहे तेच कळायचं नाही. मग सकाळी बँकेत जायच्या आधी मुलगी माझ्यापुढे उभी राहायची आणि एकेक हुक लावून द्यायची. ऑपरेशननंतर एका बाजूला छातीच नाही, तिथे कापूस भरलेली पिशवी. ती बघायची नाही, इकडचंतिकडचं बोलत राहायची, मॅनेजर कसा चिडला, कोण किती वाजता आलं. मी भिंतीकडे बघायची. सव्वीस वर्षांच्या लेकीनं आईचे हुक लावायचे, याची मला जी लाज वाटायची ती मी कोणाला सांगितली नाही. तिलाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक बजावलं होतं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही, आणि रोज पाय उलटे करून तळवे बघायचे. मुलीनं पुढून बंद असलेल्या मऊ चपला आणून दिल्या. त्या घालून मी स्वयंपाकघरात जायला लागले तर आत्याचं डोकं फिरलं. आत्या म्हणजे यांची मोठी बहीण. मुलीची आत्या म्हणून घरात सगळेच तिला आत्या म्हणतात, मीसुद्धा. गल्लीतच राहते, आणि आमच्या घरातलं तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही. "अव्वो बाप्पा! चपला घालून चुलीपाशी? देवाचं तं सोड, अन्नाची तरी लाज ठेव!" देवघरात तर मी अनवाणीच जायची. देवापुढे चपला घालून जाणं माझं मलाच जमत नव्हतं.

अशात मुलीसाठी स्थळ आलं. आष्टीकडची माणसं, आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. घरची शेती, मुलगा वर्ध्यात नोकरीला. मुलीला मुलगा आवडला, हे तिनं सांगितलं नाही पण फोनवर बोलताना ती ओसरीवर जायला लागली, त्यावरून मला कळलं. मला तो मुलगा हवा होता. माझ्या पोरीच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी काहीतरी आलं होतं. दोन वर्षं ती माझ्या दुखण्याकडे बघत बसली होती.

आत्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं. "कॅन्सरचं नाव काढाल तं पोट्टी घरातच बसन. लोकं म्हणतीन, खानदानात हाये. केस काऊन बारीक म्हणतीन तं टायफॉइड झालता म्हणजो. अन् तुह्या आईचा तं चकार शब्द नको."

माझी आई. ती मी कॉलेजात असताना गेली, छातीतल्या गाठीनं. तेव्हा घरात कोणी तो शब्द उच्चारला नाही. पोटाचं दुखणं होतं असं सांगितलं, आणि सगळ्यांनी तेच सांगत राहायचं असं न ठरवताच ठरलं. पुढे मुलीनं विचारलं, आजी कशानं गेली, तेव्हा मीही तेच सांगितलं. इतकंच नाही. माझ्या पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आई, मावशी, बहीण, कोणाला झाला होता का?" मुलगी माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. मी म्हणाले, "नाही, कोणालाच नाही." ती घाबरली असती म्हणून. निदान मी माझ्या मनाला तसं सांगितलं.

तर टक्कल घेऊन शाळेत जाणारी, हिंमतीची बाई, ती आत्यापुढे मान डोलावून बसली. टायफॉइड तर टायफॉइड. मुलगी मात्र चिडली. "आई, तुला काय चोरी केल्यासारखं वाटतंय का?" मी म्हटलं, "तू गप्प बस. तुझं लग्न आहे, माझं नाही." 

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी ठरलं. सकाळपासून माझी नुसती धावपळ, म्हणजे माझ्यासारखीची जी काय धावपळ असते ती. बुंदी वाढायच्या काचेच्या वाट्या काढताना एक हातातून सुटली. मला सुटल्याचं कळलंच नाही, आवाज आला तेव्हा कळलं. मुलगी झाडू घेऊन धावत आली, तुकडे गोळा केले, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. "आई, चपला घाल आधी," ती म्हणाली. मी घातल्या. पाहुण्यांची गाडी गल्लीत वळली तशी आत्या आत आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि नुसती भुवई वर केली. मी चपला काढल्या आणि पायानं दिवाणाखाली ढकलल्या. नव्या सोयऱ्यांसमोर, कुंकवाचं ताट हातात घेऊन, चपला घालून कशी उभी राहू? आजारी आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं.

माणसं चांगली होती. मुलाची आई माझ्याच वयाची, उंच, रापलेली, शेतात राबणारी बाई. मुलगा, त्याचा बाप, त्याची कॉलेजात जाणारी धाकटी बहीण, आणि दोनचार जवळचे. दिवाणखान्यात गादीवर पांढरी चादर अंथरली होती. मी आतून ताटं आणत होते, खाली बघत, पाऊल मोजूनमापून टाकत. मुलाची आई आत्याला म्हणाली, "बाई लई लाजाळू दिसतेत तुमच्या." आत्यानं लगेच री ओढली, "हाव नं, लई गरीब स्वभाव." तिकडे यांना ठसका लागला. मला गरीब स्वभावाची म्हणणारं माणूस समुद्रपूर तालुक्यात औषधाला मिळणार नाही.

ओटी भरायची वेळ झाली. मी कुंकवाचं ताट ठेवून नारळ आणायला आत गेले, परत आले, आणि बघते तर फरशीवर लाल डाग. स्वयंपाकघराच्या दारापासून दिवाणखान्यापर्यंत, आणि पुढे पांढऱ्या शुभ्र चादरीवर चांगले तीनचार, ठसठशीत. माझं डोकंच सटकलं. ताटाजवळ मुलाची बहीण बसली होती. मी कोण, कुठे, कशासाठी उभी आहे सगळं विसरले. शाळेतला आवाज लागला.

"कोणी कुंकवात पाय देला हा? पाहून चालता येत नाई का? पांढऱ्या चादरीचं काय करून ठेवलं हे! एवढ्या मोठ्या पोरी झाल्या, पायाखाली काय हाये ते समजत नाई तुमाले?"

 ती पोरगी लाल झाली. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू म्हणाली, "काकू, ते तुमचेच पाय हायेत."

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या पायाखाली रक्ताचं थारोळं जमा होत होतं. मी त्यातच उभी होते, नारळ हातात धरून, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. रक्ताचं काही नाही. परक्या पोरीला सगळ्यांसमोर 'पायाखाली समजत नाई का' म्हणाले, मी! आत्या चटकन पुढे झाली. "शुगर हाये तिले," ती मोठ्यानं म्हणाली, "शुगरच्या माणसाचं असंच असते. बस वो तू." आता ही शुगर कुठून काढली तिनं देव जाणे. टायफॉइड होताच, त्यात शुगर. मी खुर्चीवर बसले. शुगर तर शुगर. शुगरमध्ये लाज नसते, अर्ध्या गावाला असते.

मुलाच्या आईनं पदर खोचला. "पाणी आना वो कोणी." मुलगी घमेल्यात पाणी घेऊन आली. ती बाई माझ्यापुढे फरशीवर बसली आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी तो ओढून घ्यायला गेले. मुलाकडच्या माणसानं मुलीच्या आईचा पाय धरायचा? उलटी गंगा! "अजी, राहू द्या, राहू द्या," हे हात जोडून म्हणत होते. तिनं लक्षच दिलं नाही. तळव्यात वाटीचा काचेचा तुकडा रुतला होता, नखाएवढा. तो तिनं दोन बोटांनी ओढून काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुखलं?"

"नाई."

"थोडंबी नाई?"

मी मान हलवली. तिचा हात माझ्या पायावर आहे हे मला नुसतं दिसत होतं.

"कितीक वर्साची शुगर?" तिनं विचारलं.

"शुगर नाही," मुलगी म्हणाली. घमेलं धरून ती तिथेच उभी होती. "आईला कॅन्सर झाला होता. छातीचा. त्याच्या औषधानं नसा खराब झाल्या. टायफॉइड वगैरे काही नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं आम्ही."  आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. मुलगा उठून उभा राहिला आणि परत बसला. मला वाटलं, संपलं. माझ्या एका पायापायी लेकीचं साक्षगंध मोडलं. मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

मुलाच्या आईनं पाय धुतला, पुसला, कापूस लावला, पट्टी गुंडाळायला घेतली. पट्टी गुंडाळता गुंडाळता, वर न बघता तिनं विचारलं, "अन् तुमच्या आईले होतं का?"

सगळी खोली ऐकत होती. हे माझ्याकडे बघत होते, आत्या डोळ्यांनी 'नाई म्हण, नाई म्हण' सांगत होती. मला 'नाही' म्हणायची सवय होती, ओठावर आलाच होता तो शब्द. पण पाय तिच्या मांडीवर होता. एवढं करणाऱ्या बाईला, तिच्याच मांडीवर पाय ठेवून, आणखी एक खोटं माझ्याच्यानं सांगवेना.

"हाव," मी म्हटलं. "तिलेबी छातीतच. त्यातच गेली."

घमेलं हिंदकळलं. मुलीनं ते खाली ठेवलं.

मुलाच्या आईनं पट्टीला गाठ मारली आणि आता पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मंग पोरीले दाखवलं का कोणाले?"

मला वाटलं होतं ती विचारील, का लपवलं. वाटलं होतं, उठेल आणि आपल्या माणसांना म्हणेल, चला. त्याची उत्तरं मी मनात जुळवत होते. हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. ज्या दिवशी आला असता त्या दिवशी मी मागे उभ्या असलेल्या लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून 'नाही' म्हणून मोकळी झाले होते. इतके दिवस मी माझ्या पायांची लाज बाळगत बसले, स्थळाची काळजी करत बसले, आणि पोरीच्या जिवाची गोष्ट ही अनोळखी बाई विचारत होती.

"नाई," मी म्हटलं. "नाई दाखवलं."

"आई," मुलगी म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी मान खाली घालून बसले. 

"लग्नाच्या आधी दाखवून घेजा तिले," मुलाची आई उठत म्हणाली. "अन् दरसाल." मग चादर बदलायला सांगितली. साक्षगंध झालं. ती बाई तेव्हा होणारी सून तपासून घेत होती की लेकीसारखी माया करत होती, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते विचारायचं तोंड मला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी आम्ही दोघी वर्ध्याला त्याच दवाखान्यात गेलो. गाडीत ती खिडकीकडे बसली आणि वर्धा येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तपासणीत काही निघालं नाही, ते आधीच सांगून टाकते, कोणाचा जीव टांगणीला नको. दर वर्षी यायचंय एवढंच. पण तपासणीच्या आधी त्याच डॉक्टरीणबाईंनी त्याच टेबलापलीकडून तिला विचारलं, "आईचं तर मला माहीतच आहे. आणखी घरात कोणाला?"

ह्या वेळी मी तिच्या खुर्चीच्या मागे उभी होते.

"आजीला," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंची मान वर झाली, आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. "मला परवाच कळलं," ती म्हणाली.